संताच्या पेटीतले बेडूक

ती पेटी आमच्या घरमालकिणीची. मरोळच्या जुन्या गावठाणात तिनं आपल्या घरामागे तीन खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या. त्यातली विहिरीकडची आमची. पेटी सागवानी, पुढून काच, वर कमान. ती ख्रिस्ती; आत पूर्वी त्यांच्या संताची मूर्ती असे. मूर्तीसाठी नवी पेटी आल्यावर जुनी पडवीत पडून होती, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. मी ती मागितली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो.

"कशाला रे बाला?" ती म्हणाली.

"बेडूक ठेवायचेत. झाडावरचे."

"आमचा देव उठवून तू बेडूक बसवणार?"

मला वाटलं, चुकलंच. "नको असेल तर राहू दे," असं काहीतरी मी पुटपुटलो.

"ने. तो रागावणारा नव्हता. पण वास आला तर मी रागावीन."

बेडूक पाळायची मला हौस नव्हती. मला आईला एक गोष्ट दाखवायची होती. ती सांगायची तर आमच्या घरातला एक नियम आधी सांगायला हवा.

दिवे लागल्यावर दारावर थाप पडली तर लगेच उघडायचं नाही. तिसरी थाप पडेपर्यंत थांबायचं. हा नियम आईनं मालवणजवळच्या तिच्या माहेराहून आणला होता. तिकडे म्हणत की माणूस तिसऱ्यांदा वाजवतो, आणि माणूस नसलेलं जे काही असतं ते तिसऱ्यांदा वाजवत नाही. मरोळला तेव्हा रस्त्यावर दिवे थोडे, मागे भाताची खाचरं. नियम इथेही शोभला. आम्ही कोणी त्याला हसत नव्हतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. बाबांनी त्याला स्वतःच्या कारखान्यात चिकटवला. तिथं भट्टीपाशी उभं राहणं त्याला जमेना. एके दिवशी तो काम सोडून घरी आला आणि बाबा म्हणाले, "पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही." असं त्यांनी आधीही म्हटलं होतं. या वेळी तो गेला.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. बाबा दुसऱ्या पाळीला होते. आई भाकरी थापत होती, मी दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलो होतो. टक्, टक्. दोनदा. मी उठलो. आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

"थांब. तिसरी येवंदे."

आम्ही थांबलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यात आणखी काही ऐकू येतं का म्हणून मी श्वास धरून होतो. तिसरी थाप आली नाही. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा आईनं जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायरी ओली होती, पण सगळंच ओलं होतं.

सकाळी आईनं घरमालकिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती पडवीत बसून असायची, गल्ली तिच्या समोरून जायची. "गेला कोणीतरी पाठमोरा," ती म्हणाली. "आता एवढ्या पावसात कोण, मला काय दिसतंय बाय?"

दादा पुढे कधी आला नाही. तो आला होता की नव्हता, याबद्दल आई एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासून घरातला नियम मोडला. काहीही वाजलं, माडाची झावळी भिंतीवर घासली, मांजरानं डबा पाडला, की ती हातातलं काम टाकून दार उघडायची. उघडून उभी राहायची. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचं पीठ सुकलं होतं ते मला अजून जाणवतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण तसंच आहे.

मग कॉलेजात बेडकांचा धडा आला. आमचे प्राध्यापक आवाज काढून दाखवण्यात हौशी होते. डबक्यातल्या मोठ्या बेडकाचं डरांव करून मुलांना हसवून झाल्यावर ते म्हणाले, "झाडावरचा बेडूक मात्र ओरडत नाही. तो दार वाजवतो." आणि बोटाच्या पेरानं टेबलावर टक्, टक् केलं. "कधी एकदा, कधी दोनदा, कधी वाजवतच राहतो."

वर्ग हसला. मला पुढचं काही लिहून घेता आलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. तिथं शिकलेलं काहीतरी घरी उपयोगी पडेल असं तोवर मला वाटलं नव्हतं. आता वाटलं. तो दादा नव्हता, बेडूक होता, हे आईला कळलं तर ती सुटेल. पण नुसतं सांगून ती ऐकणार नाही. तिला तो आवाज, तो करणाऱ्यासकट, समोर दाखवायला हवा.

विहिरीच्या कठड्याला आतून साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला होता. त्यात या बेडकाची अंडी असतात हे मला पुस्तकानं सांगितलं होतं. मी तो अळूच्या पानावर खरवडून घेतला आणि पानासकट पाणी भरलेल्या बादलीवर आडवा ठेवला. काही दिवसांनी फेस पातळ झाला आणि त्यातून बेडूकमासे टपटप पाण्यात पडले. त्यांना मी माठाची उकडलेली पानं घालायचो. पाणी विहिरीचंच, कारण नळाच्या पाण्यात औषध असतं. गणपती होऊन गेले तोवर मागचे पाय फुटले, नवरात्रात पुढचे.

पेटी तोवर तयार करायची होती. ती आडवी केली तर काच वर येत होती, म्हणून उभीच ठेवली आणि तळाला डांबर लावून पत्र्याचा ट्रे बसवला. ट्रेमध्ये खाली कोळशाचे तुकडे, म्हणजे पाणी कुजून वास येणार नाही; घरमालकिणीची ताकीद मी विसरलो नव्हतो. त्यावर रेती, त्यावर नारळाचा काथ्या आणि माती, वर विहिरीच्या दगडावरचं शेवाळ. एका डब्यात अळूचं रोपटं, एक वाळकी फांदी तिरपी. वाळवीनं खाल्लेला कोपरा कापून तिथं जुन्या पिठाच्या चाळणीची जाळी ठोकली, हवेसाठी. पाण्याला जर्मनची वाटी, आणि वाटीत कौलाचा एक तुकडा उतरता.

"ह्यां कौल कित्याक?" आईनं विचारलं.

"शेपूट झडताना त्यांना पाण्याबाहेर यावं लागतं. चढायला काही नसेल तर बुडतात."

"बेडूक बुडतत?"

"या वयात बुडतात."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वाटीत कौलाचा आणखी एक तुकडा होता, दुसऱ्या बाजूनं.

मी तिला एवढंच सांगितलं होतं की कॉलेजचं काम आहे. पिल्लं नखाएवढी, मातकट रंगाची, बोटांच्या टोकांना इवल्या चकत्या. ती काचेला चिकटून बसत तेव्हा त्यांची पांढरी पोटं धडधडताना दिसत. काचेच्या वरच्या बाजूला संताच्या डोक्यामागची सोनेरी किरणं रंगवलेली होती, ती मी खरवडली नव्हती. संध्याकाळी दिवा लागला की त्या किरणांमध्ये बेडूक येऊन बसे.

खायला चिलटं लागत. पिकून काळं पडलेलं केळं मी पेटीत ठेवायचो. बाबा कारखान्यातून आले की आधी कडी लावत, मग पाय धूत, मग पेटीकडे बघत.

"आमच्यातला पहिला पोरगा कॉलेजात गेला. आणलं काय, तर बेडूक. वर केळी खातात साले."

"तुमच्या ताटात तरी येनत नाय," आई म्हणाली.

हळूहळू पेटीचं काम आईकडेच गेलं. कपड्यांना इस्त्री करण्याआधी शिंपडतात तसं ती बोटांनी पाणी शिंपडायची. पिल्लं कमी कमी होत गेली, का ते मला नीट कळलं नाही; उन्हाळ्यापर्यंत तीनच उरली. एक मेलं की ती त्याला अळूच्या पानात गुंडाळून बाहेर नेई. मी शास्त्र शिकत होतो, तरी ते पान ती कुठं ठेवते हे पाहायला मी कधी तिच्या मागे गेलो नाही.

पावसाळा लागला. एका संध्याकाळी पेटीतून आवाज आला. टक्, टक्, टक्, टक्.

आई दाराकडे निघाली होती. मी म्हटलं, "आई, इकडे ये. दारावर कोणी नाही. हा बघ." बेडकाचा गळा लिंबाएवढा फुगला होता. ती वाकून बघत राहिली. मग मी जे वर्षभर मनात घोकलं होतं ते सांगितलं. त्या संध्याकाळी दारावर हाच असणार. विहीर दहा पावलांवर आहे. तू कोणाला बाहेर ठेवलं नाहीस.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत बेडूक वाजवतच होता.

"ह्यो थांबणा नाय रे," ती म्हणाली. "तो थांबलो."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. तो वाजवायचा थांबला, की दार उघडेल म्हणून थांबून राहिला, हे मी विचारलं नाही. आम्हीही आतल्या बाजूला थांबलोच होतो. शब्द एकच.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी पेटीजवळ बसू लागलो. बेडूक कधी कधी दोनदाच वाजवून गप्प बसतो, हे पुस्तकात होतं, प्राध्यापकांनी सांगितलं होतं. माझा बेडूक ते करेना. चारदा, सातदा, कधी एकदाच. आई घरात असली की मी मनातल्या मनात त्याची विनवणी करायचो.

मग एके दिवशी ते झालं. बाहेर संततधार, आई भाकरी थापत होती. टक्, टक्. मी वाट पाहिली. काही नाही. बेडकाचा गळा खाली बसला होता आणि तो डोळे मिटून काचेला चिकटला होता. मी आईकडे पाहिलं. तीही पेटीकडेच पाहत होती. आवाज कुठून आला हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

ती उठली आणि तिनं दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. पण या वेळी ती नुसती उभी राहिली नाही. दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत लोटल्या, त्यांना पाटा आणि वरवंटा टेकवला आणि मागे न पाहता म्हणाली, "पेटी उघड. तेंका भायर जावंदे."

मी काचेचं दार उघडलं. बेडूक लगेच गेले नाहीत. एक उंबऱ्यावर येऊन बराच वेळ बसला. तो कधी गेला ते आम्हाला दिसलं नाही.

बाबा पाळीवरून आले तेव्हा दार तसंच उघडं होतं आणि पावसाचं पाणी खोलीत आलं होतं. त्यांनी पाट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, रिकाम्या पेटीकडे पाहिलं. मोरीत जाऊन पाय धुतले. कडी लावली नव्हती. ती लावायला मी उठलो.

"राहू दे," बाबा म्हणाले.