अक्काचं सोवळं

चूक माझीच होती. साठ-बासष्ट साली सुट्टीत थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, बंगळूरला गेलो की मी शिवाजीनगरच्या हमामात जायचो. तिथला अंग चोळणारा म्हातारा पाठीवर थाप मारून कूस बदलायला लावी आणि पुटपुटे, "मैल है या रिश्तेदार? छोडताच नै."

एकदा मी हसत सांगितलं, "अक्काचं सोवळं कडक आहे. इथून गेल्यावर पुन्हा आंघोळ करावी लागते."

त्याचा हात थांबला. "हमारा हाथ लगा, इस वास्ते?"

त्याने चोळायची खरखरीत पिशवी फरशीवर आपटली आणि मला साबणात तसाच सोडून गेला. मला त्याचा संताप आला. घरी बादली भरताना तो संताप माझ्यावरच उलटला, कारण अक्काने या आंघोळीबद्दल कधी ब्रही काढला नव्हता.

बादली तशीच ठेवून मी परत गेलो. "चाचा, अक्का कुछ नै बोलती. मैंच नहाता था. माफ करो."