मागे पडलेली नाव

आमच्या कॉलेजच्या नौकानयन क्लबचे चौघे परदेशात शर्यतीला गेले, हे ग्वाल्हेरात सगळ्यांना ठाऊक आहे. कंपू मोहल्ल्यातल्या पानवाल्यालासुद्धा. त्या चौघांत माझा भाऊ का नव्हता, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून सांगते.

मध्यभारत राज्य मोडून राजधानी भोपाळला चालली होती, ते वर्ष. कचेऱ्यांची कपाटं ट्रकवर चढत होती. जहागिरी त्याआधीच संपल्या होत्या. हे मला पक्कं माहीत होतं, कारण पाटणकर बाजारातल्या मामाच्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले, आणि जहागिरी संपल्या हे त्या पत्रकांत ठळक टाइपात होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्या वयाच्या कुणीही ठेवला असता.

क्लबच्या नावा संस्थानी काळातल्या. तिघऱ्याच्या धरणावर पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या. तिथे दादा सायकल मारत जायचा. मीही जायचे, काठावर बसून पुस्तक वाचायला. आमचे वडील संस्थानी फौजेत होते. फौज विलीन झाल्यावर गिरणीच्या दारावर उभे राहू लागले. शिंदे की छावनीत दोन खोल्या. असल्या घरातला मुलगा परदेशी जाणार होता. तीन जागा ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी दोघे उरले होते, दादा आणि एका सरदाराचा मुलगा. सगळा क्लब त्याला ‘धाकटे सरकार’ म्हणायचा. नावेत घाम गाळतानासुद्धा, “धाकटे सरकार, जरा पाय रेटा.”

निवड करायला क्लबच्या सरांनी एक पद्धत काढली होती. पद्धत चांगली आहे, तिला मी दोष देत नाही. चौघांच्या दोन नावा पळवायच्या. मग काठाला लावून फक्त त्या दोघांची अदलाबदल करायची आणि पुन्हा पळवायच्या. बाकीचे सहा जण तेच. म्हणजे जो फरक पडेल तो त्या दोघांमुळेच. सर म्हणाले, “इथे वशिला चालत नाही. पाणी सांगेल.”

पहिल्या खेपेला दादाची नाव थोडक्यात जिंकली. मग अदलाबदल झाली. दादा धाकट्या सरकारांच्या नावेत गेला, ते दादाच्या. दुसऱ्या खेपेला दादाची नाव एवढी मागे पडली की सरांनी शेवटपर्यंत पाहिलंही नाही.

मी पाहिलं. वल्हं जोरात ओढलं की मागे पाण्यात भोवरा उरतो. दादाच्या बाजूला भोवरे उठत होते. बाकीच्या तिघांचे नव्हते. ते वल्हं पाण्यात घालत होते, भिजवत होते, बाहेर काढत होते.

नाव काठाला लागली तशी मी तिघांपुढे उभी राहिले. एकाचे वडील सरदारांचे कारकून. एकाचं घर त्यांच्या आवारात. तिसऱ्याचे आजोबा त्यांचे कुलोपाध्याय.

“आत्ता काय केलंत?”

“काय केलं? हरलो,” कारकुनाचा मुलगा म्हणाला.

“ओढत नव्हतात तुम्ही.”

“अरे यार, इसको कोई समझाओ,” दुसरा हसला. “पुस्तकं वाचून वल्हं कळतं होय गं?”

तिसरा खाली बघत म्हणाला, “ताई, तुम्हाला नाही कळायचं. आम्हाला त्या दारातून रोज जायचंय.”

तिघांत हाच एक खरं बोलला. त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

घरी येताना मी दादाला म्हणाले, “तू नावेच्या पुढच्या टोकाला, मागे तोंड करून बसला होतास. तिघांच्या पाठी तुझ्या डोळ्यांसमोर होत्या.”

“होत्या.”

“मग तक्रार कर!”

“कुणाकडे? साहेब ट्रकवर बसून भोपाळला चाललेत. जाऊ दे.”

मी जाऊ देणार नव्हते. चार दिवसांनी धाकटे सरकार स्वतः आमच्या घरी आले. वडील खाटेवर पडले होते. ते उठले, सदरा शोधला, सापडला नाही, तसेच बनियनवर लवून मुजरा केला. गिरणीत दिवसभर उभा राहणारा माणूस. आईने कप पदराने पुसला.

धाकटे सरकार दादाला म्हणाले, “राखीव म्हणून चल आमच्याबरोबर. मी सरांशी बोलतो. कुणी आजारी पडलंच तर तू आहेसच.”

दादाच्या आधी मी बोलले.

“दुसऱ्या खेपेला तुम्ही पुढे होतात ना?”

“हो. का?”

“वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. पुढच्या नावेतल्याला मागची नाव सबंध दिसते. तुम्हाला दिसली.”

त्यांनी कप खाली ठेवला. गोरा माणूस, लाल झाला. पण नाही म्हणाले नाहीत. एवढं श्रेय देते, त्याहून जास्त नाही.

“गप्प बस,” वडील ओरडले. “सरकारांपुढे तोंड वर करून बोलतेस?”

तेव्हा दादा बोलला. “राखीव नको. एकट्याच्या दोन नावा आहेत शेडमध्ये. उद्या सकाळी तुम्ही एकीत, मी एकीत. जो जिंकेल तो जाईल. मी हरलो तर येऊन तुमचं सामान बांधून देतो.”

धाकट्या सरकारांनी घड्याळ पाहिलं. “आता निवड झाली आहे रे. वेळ कुठे आहे?” आणि चहा अर्धा टाकून गेले.

म्हणजे त्यांनाही उत्तर माहीत होतं. जमिनी गेल्या, हे पत्रकांत खोटं छापलेलं नव्हतं. पण मुजरा कायद्याने जप्त होत नाही. तो आमच्या घरात होता, त्या तिघांच्या खांद्यांत होता, आणि धाकटे सरकार त्याच्यावर बसून समुद्रापार गेले.

तिकडच्या पाण्यात कुणाच्या बापाने त्यांच्या बापाला मुजरा केलेला नव्हता. पहिल्याच फेरीत ते शेवटचे आले. परतल्यावर स्टेशनावर हार पडले, कॉलेजात फोटो लागला, आणि आज ते आंतरराष्ट्रीय खेळाडू आहेत. पुढच्या वर्षीही तेच गेले. पुन्हा हरले.

पहिली बातमी आली तेव्हा मला आनंद झाला. तो मी लपवला नाही, आजही लपवत नाही. दादा पायऱ्यांवर बसून सायकलची चेन साफ करत होता. मी पेपर त्याच्यापुढे नाचवला.

त्याने वाचलं, काळे हात चिंधीला पुसले आणि म्हणाला, “वाईट झालं. आपली नाव हरली गं.”

आपली! त्या एका शब्दावरून मी त्या दिवशी त्याच्याशी भांडले. अजून भांडते आहे.