अकरा जणांचं लॅमिनेशन

माझा राग वाईट. आमच्याकडे म्हणतात तसा, नाकाच्या शेंड्यावर. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्या रागाने केलं आणि उरलेलं निम्मं माझ्या वडिलांच्या प्रेमाने. दोन्हींनी मिळून माझी वाट लावली.

एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. लग्न नाही, आई जाऊन तीन वर्षं झालेली, घरात मी आणि बाबा. विकण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे क्रिकेटची कार्डं. सिगारेटच्या पाकिटाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची माहिती. परदेशात पूर्वी अशी कार्डं सिगारेटच्या पाकिटांतून आणि च्युइंगमच्या पुड्यांतून निघत. माझे थोरले काका बोटीवर होते. बंदराला लागलं की बाकीचे खलाशी सेंटच्या बाटल्या घ्यायला पळत, आणि आमचे काका जुन्या बाजारात जाऊन पुतण्यासाठी कार्डं शोधत. ट्रंक भरली होती माझी.

दोन हजार सालानंतर रत्नागिरीत सायबर कॅफे निघाले आणि लिलावाच्या साईटही आल्या. वस्तूचा फोटो टाकायचा, सुरुवातीची किंमत लिहायची, सात दिवस लोक बोली लावणार, शेवटची बोली ज्याची त्याला वस्तू. मला वाटलं, झालं! घरबसल्या धंदा. रत्नागिरी सोडायला नको, बाबांना एकटं टाकायला नको.

कसलं काय. सहा महिन्यांत चार कार्डं गेली.

"आज किती चित्रं खपली?" बाबा पडवीत बसून विचारायचे. ते कार्डं म्हणत नसत, चित्रं म्हणत. त्यांना वाटे मी पोरखेळ करतोय, आणि तसं ते तोंडावर बोलूनही दाखवत. माझ्या डोक्यात तिडीक जायची. "खपतील तेव्हा ढोल वाजवतो," मी म्हणायचो आणि छत्री उचलून कॅफेत निघून जायचो.

बाबा कचेरीत रेकॉर्ड रूमला होते. पस्तीस वर्षं त्यांनी जुने कागद सांभाळले, वाळवीपासून आणि कोकणातल्या पावसापासून. निवृत्त झाल्यावर सांभाळायला कचेरीचे कागद राहिले नाहीत, मग ते घरच्या कागदांच्या मागे लागले. कोर्टाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी रेशनकार्ड, सातबारा, आईचा मृत्यूचा दाखला, माझं पहिलीचं प्रगतिपुस्तक, सगळं लॅमिनेशन करून आणलं होतं. लाईटबिलाला लॅमिनेशन करू नका म्हणून मला एकदा भांडावं लागलं होतं. ही गोष्ट तेव्हा मला विनोदी वाटायची.

धंदा का चालत नाही याचा मी हळूहळू विचार करायला लागलो. पहिली चूक फोटोंची होती. कॅफेतल्या स्कॅनरच्या काचेवर कुणाच्या तरी वडापावाचे हात उमटलेले असत, आणि माझ्या कार्डावरचा फलंदाज तेलात तळल्यासारखा दिसे. मी धोतराचा मऊ तुकडा घेऊन जायला लागलो. दुसरी चूक वेळेची. लिलाव मी दुपारी टाकायचो, म्हणजे तो संपायचाही दुपारीच, तेव्हा गिऱ्हाईक नोकरीवर आणि आमच्याकडे लाईट गेलेली. ते बदलून मी रविवार संध्याकाळ धरली.

तिसरी चूक मला बंगळुरूच्या एका डॉक्टरांनी दाखवली. मी प्रत्येक कार्डाखाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत 'अतिशय सुंदर, अतिशय दुर्मिळ' असं ठोकून द्यायचो. त्यांनी मेल पाठवली: सुंदर आहे की नाही ते मी बघेन, तुम्ही मला कोपरे कसे आहेत ते सांगा. कोपरे! या धंद्यात सगळा जीव कोपऱ्यांत असतो. कोपरा दुमडला की किंमत गेली, डाग पडला की गेली, कुणी साफ करायला गेलं, चिकटवलं, काहीही केलं, की संपलंच. कार्ड जसं छापलं तसंच राहिलं पाहिजे. मग मी प्रत्येक कार्डाची खोट आधी लिहायला लागलो. डावा कोपरा बोथट. मागे पेन्सिलीची खूण. आणि गंमत म्हणजे कार्डं जायला लागली. खोट आधी सांगितली की माणूस विश्वास ठेवतो, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरात खोट सांगायची पद्धत होती, पण दुसऱ्याची.

कार्डाला हात लावू नये, काहीही करू नये, हा नियम मी साऱ्या जगाला इंग्रजीत लिहून कळवला. घरात एक माणूस होता, त्याला सांगितला नाही. बोलायचं कुणी? आम्ही दोघं जेवताना बातम्या ऐकायचो.

तेवढ्यात डोंबिवलीहून ताईचा फोन आला. भावोजींच्या ओळखीने एका गोदामात नोकरी होती. "श्रावण लागायच्या आत हो की नाही ते सांग," ताई म्हणाली. "बाबांना घेऊन ये इकडेच." बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. ते रत्नागिरी सोडून कुठेही जाणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. म्हणजे मी गेलो तर ते एकटे. इतकं साधं होतं ते.

माझ्याकडे शेवटचा हुकमी डाव होता. काकांनी आणलेली अकरा कार्डं, महायुद्धाच्या आधीच्या एका इंग्लिश संघाची, पुरे अकरा खेळाडू. कोपरे असे, की बोटाला टोचावेत. ती मी कधी विकायला काढली नव्हती. डॉक्टरांना लिहिलं तर त्यांचं लगेच उत्तर आलं. त्यांच्या ओळखीचे आठ-नऊ संग्राहक होते, सगळ्यांकडे जास्तीची कार्डं पडून. हे अकरा जण तुम्ही म्हणता तसे निघाले, तर आम्ही सगळे आमची कार्डं लिलावाला तुमच्याकडेच देऊ, असं त्यांनी लिहिलं. मी ती मेल चार वेळा वाचली. म्हणजे मी खरा दुकानदार होणार होतो. डोंबिवलीला 'नाही' म्हणता येणार होतं.

लिलाव लावला. आणि त्याच आठवड्यात पाऊस असा बसला, की कपाटातले कपडेसुद्धा ओले लागत. गुरुवारी मी ट्रंक उघडली तर वरच्या च्युइंगमच्या कार्डावर पांढरी बुरशी. मी ओरडलोच. "या मेल्या पावसात काही टिकणार नाही! ते अकरा बिघडले ना, तर मला डोंबिवलीला जावं लागेल, लिहून ठेवा!" अकरा कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात घातली, सोबत तांदळाची पुरचुंडी ठेवली. बाबा दारात उभे राहून बघत होते.

रविवारी लिलाव डॉक्टरांनीच जिंकला. मी पावसातून उड्या मारत घरी आलो. बाबांना म्हटलं, "बाबा, बहुतेक नाही जात मी." ते म्हणाले, "बरं." पण त्या दिवशी त्यांनी दोनदा भात वाढून घेतला.

सोमवारी सकाळी मी पार्सलसाठी जाड पुठ्ठा आणायला बाजारात गेलो. पुठ्ठा कोरडा मिळेना, तीन दुकानं हिंडावी लागली. परत आलो तर बाबा पडवीत, धुतलेला सदरा घालून, डबा मांडीवर घेऊन बसलेले. चेहरा असा खुललेला, की आई गेल्यापासून तसा मी पाहिला नव्हता.

"उघड," ते म्हणाले.

मी उघडला. अकरा जण चकाकत होते. चहूबाजूंनी बोटभर प्लास्टिक, मध्ये खेळाडू.

"कोर्टाजवळ नेऊन आणले. स्वतः उभा राहिलो मशिनीपाशी. एकाला सुरकुती पडू दिली नाही. आता पाठव बिनधास्त. पोस्टमनने गटारात टाकले तरी यांना काही होणार नाही, समजलास?"

मी एक कार्ड उचललं, वाकवून बघितलं. ते वाकेना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण त्यात निदान मारुती तरी होतो. इथे काहीच उरलं नव्हतं.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही, लाज वाटते. तुमच्या रेकॉर्ड रूमला आग लागायला हवी होती, हे म्हणालो. आयुष्यभर कागद सांभाळलेत, कधी माणूस सांभाळलात का, हेही म्हणालो, आईचं नाव मध्ये आणून. आणि शेवटी, "तुमच्यामुळे चाललोय मी. फक्त तुमच्यामुळे."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "टिकावेत म्हणून केलं रे. तूच म्हणालास ना, बिघडले तर जावं लागेल." आणि थोड्या वेळाने, "काढून घेऊ का मी ते प्लास्टिक?"

"काढा," मी म्हटलं. "काढूनच दाखवा!"

डॉक्टरांना मी खरं ते लिहिलं. खोट आधी सांगायची सवय लागली होती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, फार सभ्य. समजू शकतो, सौदा रद्द समजावा. मित्रांचा उल्लेख नव्हता. त्यांनी मला शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. श्रावण लागायच्या दोन दिवस आधी मी बॅग भरली. बाबांनी डबा भरून पोहे दिले, एस.टी. स्टँडपर्यंत आले, छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजले. मी खिडकीतून धड हातही हलवला नाही. राग गेला नव्हता माझा.

गोदामात कामाला लागलो. गणपतीला सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तरी गेलो असतो की नाही, देव जाणे. शिमग्याला गेलो.

घर तसंच होतं. जेवताना बघितलं तर बाबांच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. "काय झालं?" विचारलं तर उठले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. त्यात ब्लेड होतं, मेणबत्तीचा तुकडा होता, आणि वर्तमानपत्रात वेगवेगळी गुंडाळलेली चार कार्डं.

पहिल्याचा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला होता. दुसरं उभं फाटलेलं. तिसऱ्यावर इस्त्रीचा डाग. चौथ्याचा एक कोपरा तेवढा गेला होता, बाकी माणूस जागच्या जागी, बॅट हातात.

"हे बघ," बाबा चौथं माझ्यासमोर धरून म्हणाले. "आता हात बसायला लागलाय. आधी मेणबत्तीवर ऊब द्यायची, मग कडेने घ्यायचं. तू म्हणालास ना, काढून दाखवा. उरलेल्या सातांत दोन-चार तरी नीट निघतील. मग त्या डॉक्टरांना लिही, नि ये."

कार्ड अखंड निघालं तरी त्याचा उपयोग नव्हता. गोंद पुठ्ठ्यात मुरलेला असतो, संग्राहक ते हातातही धरत नाही. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. साऱ्या जगाला मी खोट आधी सांगत होतो. त्या वेळी मात्र ते कार्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हटलं, "सावकाश करा. बोटं सांभाळा."

मग दर रविवारी फोन. "पाचवं केलं. जरा फाटलं." "सहावं बरं आलं." इतकं बोलणं आमचं जन्मात कधी झालं नव्हतं. दहावं झालं आणि त्यानंतर फोनवर फक्त पाऊस, आंबा, गुडघे. पुढच्या शिमग्याला गेलो तेव्हा मीच डबा उघडला. दहा जण सोललेले, एकही धड नाही. अकरावा, यष्टिरक्षक, अजून प्लास्टिकमध्ये, तसाच चकचकीत.

"हे नाही केलंत?"

बाबा दाराबाहेर बघत होते. "ते राहू दे," म्हणाले. "ते पण फाटलं, तर मग तू परत यायचास कशाला?"