पाठीमागचं ऐकू न येणारा माइक

आमचं घर भूकंपानंतर बांधून मिळालेल्या वसाहतीतलं. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. एक टाळी वाजवली की चार ऐकू येतात. असल्या खोलीत मला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, संबळ रेकॉर्ड करायचं होतं.

अण्णा गोंधळी. भूकंपात त्यांचा थोरला भाऊ गेला, तेव्हापासून त्यांनी बाहेर गोंधळ घालणं सोडलं, गाणंही सोडलं. फक्त मंगळवारी दुपारी घरात संबळ निघायचं. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. काकी, त्या थोरल्या भावाची बायको, आमच्यातच राहते. ती एवढंच म्हणाली, "बाई, अण्णांचा हात चालतोय तवर सगळं धरून ठिव. त्यांच्या मागं मला ऐकाया काय ऱ्हाणार?" काकीनं आयुष्यात माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

लागले कामाला. म्हणजे आधी शेण खाल्लं. मी शाळेत शिकवते, तिथल्या एका सरांचा कंडेन्सर माइक मागून आणला. मोठा नाजूक, मोठ्या कानाचा. त्यानं संबळाबरोबर पंखा टिपला, पिठाची गिरणी टिपली, शेजारणीची कोंबडीसुद्धा सोडली नाही. वर मधेमधे अण्णांचं पुटपुटणं. माझं डोकंच फिरलं. सगळं पुसून टाकलं.

मग लोहाऱ्याला गेले. तिथं ओळखीचे एक मंडप-स्पीकरवाले मामा आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अवो मॅडम, तुमच्या खोलीला डायनॅमिकच पायजे. साधा असला तरी चालतंय. पडला तरी मरत न्हाय, न् समोर जे हाय तेवढंच घेतो." त्यांनी टेबलावर तीन ठेवले. एकाला खटक्याचं बटण होतं. "ह्यो नको, मधीच खट वाजतंय." दुसरा गोल जाळीचा, गाणाऱ्याचा. तिसरा चपट्या तोंडाचा, वाद्यासाठीचा. मी दुकानातच तिन्ही लावून बघितले. चपट्या तोंडाच्या माइकमागं उभी राहून बोलले, तर हेडफोनमध्ये माझा आवाज जवळजवळ नाहीच. "ह्येला पाठीमागचं ऐकू येत न्हाय," मामा म्हणाले. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. तोच घेतला.

पुढच्या मंगळवारी भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. अण्णा नेहमीसारखे बसले, डाव्या बाजूला एक बसकर रिकामं ठेवून. ती काकाची जागा. काका हयात असताना तिथं तुणतुणं घेऊन बसायचा आणि झील धरायचा, म्हणजे अण्णांच्या ओळीचा शेवट उचलून परत म्हणायचा. लहानपणापासून मी ते बसकर रिकामंच बघत आले होते. सवय झाली की माणसाला दिसायचं बंद होतं, दुसरं काय. मी माइकचं स्टँड नेमकं त्या बसकराच्या पुढच्या कडेवर रोवलं, तोंड संबळाकडं आणि पाठ बसकराकडं करून.

"तिथं नको," अण्णा म्हणाले.

"अण्णा, जरा ऐका ना. उजवीकडून तुमची काडी लागते माइकला."

"पन तिकडं त्याची पाठ होतीय."

"तेच तर पाहिजे! पाठीमागचं त्याला ऐकू येत नाही."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी काड्या उचलल्या. त्या दिवशी हात थरथरला नाही. काकी दाराबाहेर उंबऱ्याशी बसली होती, डोळे मिटून. प्रत्येक आवर्तनानंतर अण्णा थांबायचे, डावीकडं झुकायचे आणि पुन्हा वाजवायला लागायचे. मी हेडफोन घालून रेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा बघत होते. गिरणी नाही, कोंबडी नाही. एवढी खूश झाले की विचारू नका.

दोन महिन्यांत अण्णा गेले.

तेरावं झाल्यावरच्या मंगळवारी काकी म्हणाली, "लाव." मी स्पीकर जोडला. संबळ खणखणीत घुमलं, अण्णा समोरच बसल्यासारखे. पहिलं आवर्तन संपलं. काकी पुढं झुकली आणि थांबली. दुसरं संपलं, परत थांबली. तिसऱ्याला तिनं माझा हात धरला.

"बाई, ह्यांची झील कुठंय?"

मला कळेना. "काकी, काका तर..."

"अण्णा म्हनायचे की त्यांच्या जागी. हळू, तिकडं तोंड करून. पार ह्यांच्याच आवाजात. दर मंगळवारी म्या त्याच्यासाठीच बसत होते दारात."

मी ज्याला पुटपुटणं म्हणत होते ते हे होतं. सरांच्या माइकनं ते टिपलं होतं आणि मी ते माझ्या हातानं पुसलं होतं. देवा, माझ्या ह्या हातानं.

मी आवाज पूर्ण चढवला. संबळ अंगावर आलं, भिंत हादरली, आवर्तन संपलं. काकी कान लावून डावीकडं झुकली. मीही झुकले. त्या थांबलेल्या जागेत श्वाससुद्धा नव्हता. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

"अजून येकदा लाव," काकी म्हणाली, "येतील."