पाकीट हरवलेला फोटो

चंद्रपूरच्या एका वनोपज संस्थेचा मेल सर्व्हर निशात शेख सांभाळते. जंगलातल्या केंद्रांची मेल आधी तिच्याकडे येते. मध्येच लाइन तुटली की कधीकधी नुसता तुकडा मागे उरतो. कुणाची मेल, कुणाला, हे सांगणारं पाकीटच नसतं. असे तुकडे पुसून टाकायचे, हा नियम. पण निशात चौकस, पुसण्याआधी बघायचीच.

मार्चात एका फोटोची वरची पट्टी सापडली. आभाळ, आणि त्यात लोंब्यांसारखं तपकिरी काहीतरी. खाली सगळं राखाडी. दुसऱ्या दिवशी तोच फोटो आला, थोडा आणखी खाली उतरलेला.

"पुसून टाका ना बाई," शेजारचा सुनिल म्हणाला. "काऊन त्याच्या मागं लागून राह्यल्या?"

"अरे, धान आभाळात असते का? पाह्य तर!"

तिनं सर्व्हरचा लॉग काढला. तुकडा आला तेव्हा आलापल्लीच्या केंद्राची लाइन तुटली होती. तिनं तिथं फोन लावला. केंद्र चालवणारी स्वाती चमकलीच.

"मी तर पाठवला होता! केंद्रावर मोहफुलं आणून देते ना, त्या मंगलीबाईचा फोटो आहे तो. उत्तर आलं का म्हणून रोज विचारून राह्यली ते."

"पोचलाच नाई. तुमचं मशीन पाठवते, लाइन तुटते, मंग पुन्हा पाठवते. आहे काय त्याच्यात?"

"बांबूले फुलं आली."

चंद्रपुरात जन्म गेला, पण बांबू फुलतो हेच निशातला माहीत नव्हतं. स्वातीनं फोटो लहान करून पाठवला. या वेळी तो पूर्ण उतरला: बांबूच्या बेटाखाली हात वर करून उभी मंगली. सोबत प्रश्न, बी गोळा करायचं का? संस्थेतल्या जाणकारानं लगेच कळवलं: करा, बांबू चाळीसेक वर्षांतून एकदाच फुलतो आणि मग ते बेट मरतं.

तेवढ्यानं निशातचं समाधान झालं नाही. रविवारी तिनं आलापल्लीची बस धरली. मंगलीनं तिला बेटापाशी नेलं. वाऱ्याबरोबर बी अंगावर सांडत होतं.

"माह्या मायनं पाह्यलं होतं," मंगली म्हणाली. "मले आता दिसलं. तुमच्या मशीनमधी अजून कोनाचं काय अडकलं हाय?"

"पाहा लागन," निशात हसली.

पावसाळ्यात मंगलीनं पेरलेल्या बियांची रोपं उगवली. बरीचशी उंदरांनी खाल्ली, काही जगली. निशात आता केंद्राला विचारल्याशिवाय तुकडा पुसत नाही. परवा राजुऱ्याहून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा आला. नवरदेवाचं नाव अजून कळलेलं नाही.