कानापाशी थांबणारं तेल

मालिशवाल्या मावशींचं तेल बाळाच्या कानापाशी येऊन थांबायचं. टाळूवर त्या सढळ हातानं तेल जिरवायच्या. भुवया, नाकाचा शेंडा, बेंबी, सगळीकडे त्यांचं बोट फिरायचं. कान आला की मात्र बोट कोरड्या फडक्याला पुसायच्या. आमच्या तळेगावच्या सोसायटीत येणाऱ्या दुसऱ्या बायका कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडल्याशिवाय उठत नसत, त्यामुळे माझ्या सासूबाईंना मावशींचं काम अर्धवट वाटायचं. "कान कोरडा ठेवून कसली हो मालिश?" असं त्या रोज एकदा तरी म्हणत. मावशी हसत. "वैनी, देवानं ते दार लहान ठिवलंय. आपुन कशाला घुसायचं त्यातनं?"

कान्हे गावाच्या पलीकडे डोंगरात त्यांची वाडी. तासभर उतरून त्या स्टेशन गाठत आणि गाडीनं तळेगावला येत. आल्यावर पदर खोचून न्हाणीघरात पाय पसरून बसत आणि माझ्या मुक्ताला नडग्यांवर आडवी घेत. बोलणं सगळं बाळाशी. मोठ्या माणसांशी कामापुरतं. मला ते बरं वाटे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यात स्वभाव भिडस्त. सासरच्या माणसांत एखादं वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मावशींनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. "हिला काय इचारायचं आसंल तर दोन दिस आदी सांगाया पायजे," असं त्या मुक्ताच्या पोटाला सांगायच्या आणि मुक्ता हसायची.

मुक्ताची लाळ गळायला लागली तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं. बोट साबणानं धुऊन तिच्या हिरडीवर फिरवलं. मुक्तानं ते करकचून चावलं आणि शांत झाली. "हे बघ. दाताचं प्वार चावतं, हिरडी चोळली की गप ऱ्हातं. कानाचं प्वार प्यायचं सोडतं. वढून प्यायलं की आत ठणका मारतो. आडवं टाकलं की किंचाळतं, खांद्यावर घेतलं की जरा थांबतं. त्यात आदी सर्दी झालेली आसली आन् अंग तापलं, तर दाताचं नाव घ्यायचं न्हाई." मी विचारलं, कान ओढत असेल तर? "दाताचं बी वढतं, कानाचं बी. त्याच्यावर जायाचं न्हाई." मग एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "आन् मी काय डॉक्टर हाय का? बत्ती लावून आत त्योच बघंल."

मुक्ता आठ महिन्यांची असताना तिला पाच दिवस सर्दी होती, आणि मग ताप आला. त्याच दिवशी खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसलं. सासूबाई खूश. "दात येताना ताप यायचाच." मुक्ता दोन घोट पिऊन तोंड काढून घेत होती. पाळण्यात ठेवली की किंकाळी. मला कळलं होतं. "आई, हा कान आहे," एवढंच वाक्य, तेही तयार होतं. संध्याकाळी सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि तिच्या उजव्या कानात सोडलं, मायेनं, फुंकर घालत. मी टॉवेल हातात धरून दारात उभी होते.

सकाळी मावशींनी मुक्ताला उचललं, तिच्या कानापाशी नाक नेलं आणि पाय पसरलेच नाहीत.

"लसूण कुनी घातला?"

"एकच थेंब हो," सासूबाई म्हणाल्या. "दात आलाय तिला. हे बघा, दिसतोय की!"

"दिसतुया म्हणून तर माणूस चुकतंय. आज पानी नको. रिक्षा बोलवा."

"तुम्ही मालिश करा, मावशी. घरचं आम्ही बघू."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "आई, आम्ही निघतोय." आवाज माझाच होता, तरी मी दचकले.

डॉक्टरांनी कान पुसून आत पाहिलं. पडदा लाल होऊन फुगला होता. पडद्याला भोक असतं तर तेल थेट आत गेलं असतं, असं त्यांनी सांगितलं आणि औषध लिहून दिलं. तीन दिवसांनी मुक्ता पोटभर प्यायली.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिक्षात मावशींनी आपल्या लेकीचं, सुमीचं सांगितलं. दात दिसत होता. कान पिकला होता. घरात सगळे दात म्हणत होते, सासूनं तेल घातलं. पू आला, मग तो आटेचना. नंतर दुसराही कान गेला. सुमी आता पस्तिशीची आहे, तिला ऐकू येत नाही. "तेलानं झालं का आजारानं, देव जाणं. पर मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं, पोरी. नवी सून हुते. बोलले न्हाई."

मुक्ता चालायला लागली तशी मावशींचं काम संपलं. सासूबाईंनीच त्यांना साडी-खण दिला, ओटी भरली, वाकून नमस्कारही केला. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेले. कठड्याला हात लावून त्यांनी विचारलं, "तेल घातलं त्या सांजंलाच कळलं हुतं ना तुला?"

मी मान डोलावली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि सावकाश जिना उतरल्या. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्या वारल्याचं स्टेशनवरच्या भाजीवालीकडून कळलं.

मुक्ता आता तीन वर्षांची आहे. ती खेळात रमलेली असली की मी मागे जाऊन उभी राहते आणि अगदी हळू हाक मारते. दिवसातून किती वेळा, ते मी कुणाला सांगत नाही. ती वळतेच. पण हाक आणि वळणं यांच्यामध्ये एक क्षण जातो, आणि तेवढ्या क्षणापुरती माझ्याकडे पाठ करून बसलेली मुलगी सुमी असते.