चार गाड्या, एक बूड

नायरी पॅस्कोनं उभी हयात मोटारसायकलवरून टपाल वाटलं. आमच्याकडचा वारा असा, की मेंढ्यासुद्धा त्याच्याकडे पाठ करून चरतात. त्या वाऱ्यात ही बाई छातीशी थैली बांधून बोटीसारखी तिरकी होऊन जायची. पाहणाऱ्याला वाटे, आता पडली. ती पडली एकदाच, आणि तिच्या मते तो दोष वाऱ्याचा नव्हे, मेंढ्यांचा. वळणावर लेंड्या सांडलेल्या, त्यांवरून सुझुकी सरकली आणि खुब्याचं हाड मोडलं.

आमच्या न्यूझीलंडात अपघात झाला तर कुणी कुणावर दावा लावत नाही. सगळ्यांचा मिळून एक निधी आहे, तो दवाखाना बघतो आणि बुडालेला पगारही देतो. नायरीचं सगळं त्या निधीनं केलं. चुलीची लाकडं आत आणून द्यायलासुद्धा एक बाई पाठवली. "ती बाई लाकडं छान रचायची," नायरी अजून सांगते. म्हणून त्या निधीविषयी वाकडं बोलणाऱ्याला ती आपल्या ओट्यावर उभं करत नाही.

पण या निधीचे पैसे गाडीच्या वार्षिक नोंदणीतून कापले जातात, मोटारसायकलवाल्यांकडून सगळ्यात जास्त, आणि तेही दर गाडीमागे. एका माणसाच्या चार गाड्या असल्या तर चारदा. नायरीकडे चार होत्या. टपालाची सुझुकी. नवऱ्यानं, म्हणजे कॉलिननं, भंगारातून उचलून उभ्या केलेल्या दोन होंडा. आणि कॉलिनच्या बापाची जुनी बीएसए, जिचा आवाज ऐकून आमच्या शाळेतली मास्तरीण फळ्यावरचा खडू थांबवायची. मास्तरीण एकच होती, शाळाही एकाच खोलीची, त्यामुळे खडू थांबला की सगळी शाळाच थांबे.

गाडी रस्त्यावर आणणार नाही असं कळवलं तर नोंदणी थांबवता येते, पण किमान तीन महिने. आमच्याकडे त्याला गाडी झोपवणं म्हणतात. नायरी तीन गाड्या झोपवायची आणि एक जागी ठेवायची. ऋतू पालटला की जागी गाडी झोपे आणि दुसरी उठे. या खेपेला कोणती उठणार यावर दुकानात पैजा लागत. झोपलेल्या गाड्या ती दर रविवारी शेडमध्येच सुरू करायची. तिला विचारलं, काय करतेस? तर म्हणे, "कूस बदलून देते."

झोपलेली गाडी तिनं कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा कधी नेली नाही. आमच्या गावात पोलीस महिन्यातून एकदा दिसतो, तोही जेवायला येतो. तरी नाही.

खरी अडचण फेब्रुवारीतली. त्या महिन्यात कॉलिनचा वाढदिवस. तो होता तेव्हा त्या दिवशी चारही गाड्या मिळून टोकावरच्या दीपगृहापर्यंत जायच्या. तो गेल्यावर नायरी त्याच्या बीएसएवर बसू लागली आणि बाकीच्या तिघींवर आम्ही तिघं: निवृत्त खाटीक ड्युगल्ड, नर्स वाइमारी आणि मी. पुढे पैसे वाढत गेले. एका दिवसासाठी चारही उठवणं तिच्या पेन्शनला झेपेना, आणि फेरी बंद पडली. कॉलिनला तिनं कबूल केलं होतं, की तुझ्या गाड्या शोभेला ठेवणार नाही. लागोपाठ चौथा फेब्रुवारी असाच कोरडा गेला, तेव्हा तिनं ख्राइस्टचर्चच्या एका शौकिनाला फोन लावला. तो बीएसए बघायला येणार होता.

त्याच सुमारास वेलिंग्टनहून निधीचा माणूस लोकांचं म्हणणं ऐकायला आला. लिओटा नाव, मूळचा सामोआचा, दाराएवढा रुंद. हॉलमध्ये बायकांनी चीज-रोल भाजले होते. आमच्याकडे त्याशिवाय सभा भरत नाही. लिओटा तिसऱ्या रोलवर होता, तेवढ्यात नायरी खांद्यावर गोणपाट टाकून आत आली. गोणपाटातून गाड्यांच्या चार सीटा काढून तिनं चार खुर्च्यांवर मांडल्या.

"बाळा, बस."

"कुठे बसू?"

"चारींवर. एकदम."

हॉल हसला. लिओटानं सीटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या कमरेकडे. "मावशी, दोनांवर तर आरामात मावेन."

आता छपरावरचे पत्रे वाजायचे बाकी होते. नायरीही हसली. म्हणाली, "मला एकच बूड आहे. पडेन तेव्हा एकाच गाडीवरून पडेन. पैसे द्यायची ना नाही, तुमच्या निधीनंच मला उभं केलंय. पण एका बुडाचे एकदाच घ्या."

लिओटानं बोटं पुसली. "मावशी, खरं सांगा. तुमच्या गाड्या दुसरं कुणी चालवतं का?"

ड्युगल्डला एकाएकी खोकला आला. सगळ्या गावाला ती फेरी ठाऊक. नायरीनं 'नाही' म्हणावं म्हणून हॉल नुसता श्वास धरून बसला होता.

"चालवतात," नायरी म्हणाली. "वर्षातून एक दिवस. हा खोकणारा त्यातलाच."

"घातला धोंडा!" ड्युगल्ड पुटपुटला.

"गप रे! बाळा, त्या दिवशी याची स्वतःची यामाहा घरी उभी असते, पैसे भरून. वाइमारीचीही गाडी घरी, याचीही." हे माझ्याकडे बोट करून. "मग रस्त्यावर बुडं चार आणि पैसे सात गाड्यांचे. असं कसं?"

लिओटानं वही काढली. मग म्हणाला, "गाडीला नंबर असतो, माणसाच्या कपाळावर नसतो. कोणी भरलेत आणि कोणी नाही, हे रस्त्यात ओळखायचं कसं?"

"लायसन आहे की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ज्यांनी वीस वर्षांत हँडल धरलं नाही, त्यांच्याही खिशात लायसन आहे. त्यांच्याकडूनही घेऊ?"

अर्ध्या हॉलचे हात खिशाकडे गेले. अर्ध्यांच्या खिशात तसलीच लायसनं होती.

"हां," नायरी म्हणाली, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं." आणि तिनं सीटा पुन्हा गोणपाटात भरल्या. लिओटानं तिचं म्हणणं उतरवून घेतलं, गोणपाट शेडपर्यंत वाहून दिला, बीएसएपाशी बराच वेळ उकिडवा बसला आणि गेला. नियम होता तिथेच राहिला.

नायरी मला म्हणाली, "रविवारी येतोय तो ख्राइस्टचर्चवाला. तू येऊ नकोस, मला रडू येईल."

मी तडक ड्युगल्डकडे गेलो. वाइमारी तिथेच होती. आमचं बोलणं किटलीला उकळी यायच्या आत संपलं. नायरीनंच भर सभेत सांगितलं होतं, एका बुडाचे एकदाच. मग आम्ही तिघांनी आपापल्या गाड्या झोपवायच्या आणि तेच पैसे तिच्या एकेका गाडीवर भरायचे. निधीला एका पैशाची तूट नाही, आम्हाला भुर्दंड नाही.

सांगायला गेलो तर बाई भडकली. "भीक नको मला!"

"भीक कसली, अगं?" वाइमारी म्हणाली. "माझी गाडी झोपली की तीन महिने उठत नाही. मी दवाखान्यात काय घोड्यावर जाऊ? तुझी होंडा रोज लागणार मला."

"रोज?"

नायरीच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्याजागी भीती आली. वर्षातल्या एका दिवसाचं सोडलं, तर त्या गाड्यांना तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. ती शेडमध्ये गेली. बराच वेळ फडक्याचा आवाज येत होता. बाहेर आली ती हातात बीएसएची किक मारायचे जाड बूट घेऊन. कॉलिनचे. ते तिनं ड्युगल्डपुढे ठेवले. "माझ्या खुब्याला ती किक आता सोसत नाही. तुझं वजन तरी कामी येऊ दे."

ख्राइस्टचर्चवाल्याला तिनं फोनवर सांगितलं, "गाडी विकायची नाही. ती कामावर गेलीय."

बीएसएचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. ड्युगल्डला ते दहादा सांगितलं, त्यानं दहादा मान हलवली. पहिल्याच आठवड्यात समोर मेंढ्या आल्या, यानं सवयीनं उजवा पाय दाबला, आणि स्वारी चर्चच्या कुंपणात! जन्मभर ज्यांना कापलं त्यांना वाचवायला गेला आणि घोटा मुरगाळून बसला. नायरी धावली. तिनं आधी गाडी पाहिली की ड्युगल्ड, यावर गावात अजून वाद आहे. मी तिथे होतो. तिनं आधी ड्युगल्डचा बूट काढला. अर्थात, बूट कॉलिनचा होता.

घोट्याचं सगळं निधीनं केलं. "माझ्या एका बुडाचे पैसे वसूल!" ड्युगल्ड लंगडत सांगत सुटला. नायरीनं त्याला बजावलं, की मी वसूल व्हावेत म्हणून भरत नाही.

फेब्रुवारीत चारही गाड्या दीपगृहाशी पोचल्या. वारा इतका, की डब्यातले चीज-रोल काढताच एक समुद्राकडे उडाला. नायरी म्हणाली, तो कॉलिनचा. मग ती वाऱ्याकडे पाठ करून, बीएसएच्या गरम इंजिनावर हात शेकत उभी राहिली.

निघताना ड्युगल्ड बीएसएकडे वळला.

"तिकडे नाही," नायरी स्वतः बीएसएवर बसत म्हणाली. "तू सुझुकी घे. तिला मेंढ्यांची सवय आहे. वाइमारी, मार किक!"